चाल सारखी, तरीही चोरी नाही : हे कसं काय?

दर थोड्या दिवसांनी अशी बातमी येतेच. कुणीतरी कुणाची तरी चाल उचलली म्हणे. मग फोनवर दोन तुकडे जोडलेली एक क्लिप फिरू लागते : आधी जुनं गाणं, लगेच नवं. आपण ऐकतो आणि म्हणतो, अरे, हे तर सरळसरळ तेच आहे! काही महिन्यांनी न्यायालयाचा निकाल येतो आणि ज्याच्यावर आरोप होता तो सुटतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं ब्रिटिश गायक एड शीरनच्या बाजूनं कौल दिला. 2025 च्या एप्रिलमध्ये ए. आर. रहमान यांच्या ‘वीरा राजा वीरा’ या गाण्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी अंतरिम आदेश दिला : ध्रुपद गाणाऱ्या डागर बंधूंना श्रेय द्या आणि 2 कोटी रुपये न्यायालयात जमा करा. सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला.

सामान्य माणसाला प्रश्न पडतो की, माझे कान खोटं बोलतात की कायद्याला ऐकू येत नाही? यातलं काहीच खरं नाही. कान एका प्रश्नाचं उत्तर देतात आणि न्यायालय दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतं. हा फरक समजून घ्यायला माझ्या मते सगळ्यात चांगला आहे तो 1983 चा एक खटला. तो चालला डिस्कोच्या ऐन भरातल्या एका हळुवार प्रेमगीतावर, बी जीज या तीन भावांच्या ‘हाउ डीप इज युवर लव्ह’वर. त्या खटल्यात दोन गाण्यांतलं साम्य तज्ज्ञानं सुरासुरानं मोजून दाखवलं, ज्युरीनं चोरी झाली असं सांगितलं, आणि तरीही शेवटी निकाल बी जीजच्या बाजूनं लागला.

आधी ते गाणं

बॅरी गिब आणि त्याचे दोन जुळे धाकटे भाऊ रॉबिन आणि मॉरिस यांचा जन्म आयल ऑफ मॅन या बेटावरचा, बालपण मँचेस्टरचं, आणि गाणारे म्हणून घडले ते ऑस्ट्रेलियात. 1977 च्या जानेवारीत हे तिघं आपला ताफा घेऊन पॅरिसच्या वायव्येला असलेल्या ‘शातो देरूव्हिल’ या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत मुक्कामाला होते. काम होतं एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर हात फिरवण्याचं. तिथं असताना त्यांचे व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवूड यांचा निरोप आला : मी एक चित्रपट काढतोय, गाणी हवीत. त्या मुक्कामात ‘स्टेइंग अलाइव्ह’ आणि ‘नाइट फिव्हर’ ही पायाला ठेका धरायला लावणारी गाणी तयार झाली, आणि त्यांच्यासोबतच हे शांत, जवळ येऊन बोलणारं गाणंही.

डिस्को म्हटलं की आपल्याला आठवतो तो प्रत्येक मात्रेवर पडणारा ड्रमचा ठोका, फिरते दिवे आणि घामानं निथळणारी नाचाची फरशी. या गाण्यात ठोका आहे, पण तो मागं सरकून उभा आहे. पुढं आहे इलेक्ट्रिक पियानोचा मऊ, किंचित थरथरणारा नाद आणि तिघा भावांचे एकमेकांवर रचलेले आवाज. गाणारा प्रियकर फुशारकी मारत नाही. तो विचारतो. आपण जिच्यावर विसंबलो तिचं प्रेम किती खोल आहे, हे त्याला जाणून घ्यायचंय, कारण बाहेरचं जग दोघांना सुखानं जगू देणारं नाही. ही शंका आणि हा विश्वास एकाच ओळीत एकत्र येतात, म्हणून मला हे गाणं त्या काळातल्या सगळ्या नाचाच्या गाण्यांहून मोठं वाटतं. सुरुवातीला ते इव्हॉन एलिमन या गायिकेला देण्याचा विचार होता. स्टिगवूड यांनी हट्ट धरला की, तुम्हीच गा.

‘सॅटर्डे नाइट फिव्हर’ हा चित्रपट डिसेंबर 1977 मध्ये आला. 24 डिसेंबरला हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथं राहिलं. पहिल्या दहांत ते सतरा आठवडे होतं.

आणि दुसरा माणूस, शिकागोचा

रोनाल्ड सेल हे शिकागो परिसरात आपल्या छोट्या बँडबरोबर वाजवणारे, गाणी रचणारे गृहस्थ. 1975 च्या शरद ऋतूत त्यांनी एका दिवसात ‘लेट इट एंड’ हे गाणं रचलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याची रीतसर नोंदणी केली. बँडबरोबर ते दोन-तीनदा वाजवलं. टेप आणि स्वरलेखन अकरा संगीत कंपन्यांना पाठवलं. आठ कंपन्यांनी ते परत केलं आणि तिघांनी उत्तरच दिलं नाही. गाण्याचा प्रवास तिथं संपला.

मे 1978 मध्ये त्यांच्या कानावर बी जीजचं गाणं पडलं. शब्द वेगळे होते, पण सूर आपलेच आहेत असं त्यांना वाटलं. पुढे त्यांनी चित्रपट पाहिला तेव्हा ती खात्री पक्की झाली. त्यांनी तिघा भावांवर, चित्रपटाच्या कंपनीवर आणि तबकड्या वितरित करणाऱ्या कंपनीवर दावा लावला.

या माणसाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. ज्यानं एकदा तरी चाल लावली आहे त्याला हे कळेल. आपण घरात बसून बांधलेली ओळ दुसऱ्याच्या आवाजात, जगभर वाजताना ऐकू यावी आणि आपलं नाव कुठंच नसावं, याहून मोठा धक्का गाणं रचणाऱ्याला नसेल.

गाण्यात मालकीची गोष्ट कोणती?

इथं एकच पारिभाषिक शब्द लागेल : स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट. आपण जी रचना केली तिची नक्कल कोण करू शकतो आणि कोण नाही, हे ठरवण्याचा तो अधिकार. एका गाण्यात असे निदान तीन हक्क एकत्र नांदतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं. सेल यांचा दावा फक्त चालीपुरता होता.

स्वामित्वहक्क नकलेपासून संरक्षण देतो, साम्यापासून नाही. सगळा गोंधळ इथंच होतो. नवं यंत्र शोधणाऱ्याला मिळणारं पेटंट वेगळं असतं. तिथं दुसऱ्यानं स्वतःच्या डोक्यानं तेच यंत्र शोधलं तरी त्याला ते वापरता येत नाही. गाण्याचं तसं नाही. दोन माणसांनी एकमेकांचं काहीही न ऐकता तंतोतंत एकच चाल लावली, तर कायद्याच्या नजरेत दोघंही आपापल्या चालीचे मालक ठरतात. त्यामुळे सेल यांना केवळ ‘सारखं आहे’ हे सिद्ध करून भागणार नव्हतं, ‘माझ्याकडून घेतलं’ हे सिद्ध करायचं होतं.

सूर मोजले तेव्हा

सेल यांच्या बाजूनं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक अरँड पार्सन्स साक्षीला आले. दोन्ही गाण्यांचे तक्ते त्यांनी ज्युरीसमोर मांडले. सुरुवातीचे आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट) त्यांनी पहिला भाग मानला आणि शेवटचे चार बार दुसरा. पहिल्या भागात सेल यांच्या गाण्यात 34 सूर होते आणि बी जीजच्या गाण्यात 40. त्यातले 24 सूर उंचीनं आणि जागेनं जुळत होते. लयीचे आघात एकाकडे 35, दुसऱ्याकडे 40, आणि जुळणारे 30. शेवटच्या भागात तर दोन्हीकडे चौदा-चौदा सूर आणि चौदाच्या चौदा सारखे. लयीत चौदापैकी अकरा. शिवाय हे दोन्ही भाग दोन्ही गाण्यांत त्याच जागी येत होते, फक्त मधला भाग वेगळा होता.

बी जीजच्या वकिलांनी याला उत्तर द्यायला आपला संगीततज्ज्ञ आणलाच नाही. त्यात आणखी एक प्रसंग घडला. सेल यांच्या वकिलांनी चालीचा एक तुकडा वाजवला आणि मॉरिस गिब यांना विचारलं, हे काय आहे? त्यांनी आपल्याच गाण्याचं नाव सांगितलं. तो तुकडा होता ‘लेट इट एंड’चा.

ज्युरी म्हणजे सर्वसामान्य नागरिकांतून निवडलेलं पंचांचं मंडळ. नानावटी खटल्यामुळे हा शब्द आपल्याकडे जुन्या पिढीच्या चांगला ओळखीचा. या ज्युरीनं सेल यांच्या बाजूनं कौल दिला. मीही त्या बाकांवर असतो तर बहुधा तेच केलं असतं.

न्यायाधीश जॉर्ज लेटन यांनी मात्र ज्युरीचा कौल बाजूला ठेवला आणि बी जीजच्या बाजूनं निकाल दिला. पुरावा कायद्याला पुरेसा नसेल तर अमेरिकेत न्यायाधीशाला हा अधिकार असतो. सेल अपिलात गेले. 1984 मध्ये अपील न्यायालयानंही लेटन यांचाच निकाल कायम केला.

पोहोच : ज्या एका मुद्द्यावर सगळं फिरलं

एका वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या तर शिक्षक काय करतात? आधी पाहतात की, कोण कुठं बसलं होतं. एकाच बाकावर असतील तर संशयाला जागा आहे. एक नागपूरच्या केंद्रावर आणि दुसरा रत्नागिरीच्या, तर नक्कल झाली कशी, हे आधी सांगावं लागेल. मग शिक्षक आणखी एक गोष्ट तपासतात : सारखं काय आहे? दोघांनी पाण्याचं रासायनिक सूत्र बरोबर लिहिलं, यातून काहीच सिद्ध होत नाही. पण दोघांनी एकच विचित्र चूक, तीही त्याच शब्दांत केली असेल, तर बाकाचा पुरावा थोडा कच्चा असला तरी चालतो.

संगीताच्या खटल्यांत हेच दोन प्रश्न येतात. पहिला बाकाचा, म्हणजे आरोपीला मूळ गाणं ऐकायची खरीखुरी संधी होती का? याला आपण ‘पोहोच’ म्हणू. दुसरा, जे सारखं आहे ते कुणालाही सुचेल असं आहे, की दुर्मीळ?

सेल यांच्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अकरा कंपन्यांपैकी एकीकडून ती टेप बी जीजपर्यंत गेली, असा एकही धागा त्यांना दाखवता आला नाही. दोन-तीनदा शिकागोत वाजलेलं गाणं आणि फ्रान्समधला वाडा यांच्यामध्ये रिकामी जागा होती. म्हणून त्यांच्या वकिलांनी सगळा भार दुसऱ्या प्रश्नावर टाकला : साम्य इतकं ठळक आहे की त्यावरूनच पोहोच मानून घ्या.

अपील न्यायालयानं सांगितलं की, असं मानता येतं, पण मर्यादेत. ऐकायची निदान वाजवी शक्यता तरी पुराव्यात दिसली पाहिजे. नुसता तर्क चालणार नाही. आणि साम्य असं हवं की नकलेशिवाय त्याचा दुसरा काही उलगडाच होऊ नये. पार्सन्स यांनी ही दोन गाणी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लिहिली गेली नसावीत असं म्हटलं होतं. पण हे साम्य केवळ नकलेतूनच येऊ शकतं का, असं थेट विचारल्यावर ते तसं म्हणायला तयार झाले नाहीत. त्यांचं काम पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं होतं आणि दोन लोकप्रिय गाण्यांची अशी तुलना त्यांनी पूर्वी केली नव्हती. लोकप्रिय गाणी छोटी असतात, सोपी असतात आणि त्याच त्या ठेवणीतल्या सुरावटी पुन्हा पुन्हा वापरतात. ते सूर दोघांनी एकाच सामायिक साठ्यातून उचललेले असू शकतात, ही शक्यता खोडून काढणं सेल यांच्या बाजूला जमलं नाही.

कच्च्या टेपनं काय दाखवलं

बी जीजकडं आणखी एक पुरावा होता, आणि तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो.

तिघा भावांना स्वरलेखन लिहिता-वाचता येत नव्हतं. ते गुणगुणत आणि टेप रेकॉर्डर चालू ठेवत. त्या वाड्यातली एक कामाची टेप न्यायालयात ऐकवली गेली. तिच्यात बॅरी सूर शोधतोय, ब्लू वीव्हर हा वादक पियानोवर त्याला साथ देतोय, अर्धवट शब्द येतात, ओळ तुटते, पुन्हा जुळते. अगदी पहिला क्षण त्या टेपवर नव्हता, असं न्यायालयानंही नोंदवलं. पण गाणं तुकड्यातुकड्यानं कसं आकार घेत गेलं हे त्यात ऐकू येत होतं. ज्याच्यापुढं दुसऱ्याची तयार चाल आहे तो असा चाचपडत नाही.

‘मग नकळत घेतलं असेल तर?’

ही शंका रास्त आहे, आणि न्यायालयांनी तिला उत्तरही दिलं आहे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’वर असाच दावा झाला. ‘हीज सो फाइन’ या 1963 च्या गाण्याची चाल त्यात आहे, असा आरोप होता. 1976 मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की हॅरिसन यांनी जाणूनबुजून काहीच चोरलेलं नाही. ती चाल त्यांच्या मनात खोल कुठंतरी बसली होती आणि तिथूनच वर आली. तरीही ते हरले. नक्कल नकळत झाली तरी नक्कलच, असं कायदा मानतो.

मग हॅरिसन हरले आणि गिब बंधू जिंकले, हा पक्षपात झाला का? नाही. फरक आहे तो पोहोचीचा. ‘हीज सो फाइन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं होतं. ते हॅरिसन यांच्या कानावर पडलं नसेल असं म्हणणं कुणालाच पटलं नसतं. ‘लेट इट एंड’ बी जीजच्या कानावर पडलं होतं याचा पुरावाच नव्हता.

‘म्हणजे अनोळखी कलाकाराला न्यायच नाही?’

हा आक्षेप मला सगळ्यांत बोचतो. प्रसिद्ध गाणं चोरलं तर पकडले जाल, अज्ञात माणसाचं चोरलं तर सुटाल, असाच याचा अर्थ निघतो की काय? पोहोचीची अट खरोखरच गरिबाला जास्त जड जाते. बड्या कंपनीच्या आत टेप कुणाच्या टेबलावरून कुणाच्या टेबलावर गेली हे बाहेरच्या माणसानं कसं शोधायचं?

पण त्याच काळातलं दुसरं एक हळुवार गाणं पाहा. मॉरिस अल्बर्ट या ब्राझीलच्या गायकाचं ‘फीलिंग्ज’ सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जगभर गाजलं. लुई गास्ते या फ्रेंच संगीतकाराचं म्हणणं होतं की, ही माझ्या 1956 च्या ‘पूर त्वा’ची चाल आहे. ते जुनं गाणं फारसं गाजलेलं नव्हतं. पण गास्ते यांना धागा सापडला. त्यांच्या गाण्याचे ब्राझीलमधले प्रकाशक आणि ‘फीलिंग्ज’चे प्रकाशक यांच्यामागे माणूस एकच होता. शिवाय दोन्ही गाण्यांत एका पट्टीतून दुसरीत जाण्याची एक दुर्मीळ तऱ्हा होती, जी तज्ज्ञानं बोटांच्या ठशासारखी ओळखून दाखवली. ज्युरीनं गास्ते यांना न्याय दिला आणि 1988 मध्ये अपील न्यायालयानं तो टिकवला.

म्हणजे छोट्या माणसाला दार बंद नाही. त्याच्याकडे धागा हवा, आणि साम्य नेहमीच्या पठडीतलं नको. सेल खोटं बोलत होते असं कुठल्याच न्यायालयानं म्हटलं नाही, आणि मलाही तसं वाटत नाही. चाल त्यांची होती. बी जीजनाही ती स्वतंत्रपणे सुचली, इतकंच.

इतके सूर असताना दोघांना एकच चाल सुचते कशी?

सूर अगणित आहेत हा आपला समज आहे. मैफलीत बसल्यावर तसं वाटतंही. पण लोकांच्या तोंडी बसणाऱ्या चालीचं क्षेत्र लहान असतं. एका सप्तकातले सा ते वरचा सा असे आठ सूर घ्या आणि बारा मात्रांची ओळ बांधा. प्रत्येक मात्रेला आठ पर्याय. गुणाकार केला तर सुमारे 6,872 कोटी ओळी होतात. आकडा मोठा दिसतो, पण संगणकाला तो मोठा नाही. डेमियन रील आणि नोआ रुबिन या दोघांनी 2020 च्या सुमारास या सगळ्या ओळी संगणकाकडून तयार करून घेतल्या, साठवल्या आणि कुणीही वापराव्यात म्हणून खुल्या करून दिल्या. साध्या सुरावटींवर मालकी सांगणं किती अवघड आहे हे त्यांना दाखवायचं होतं.

त्या कोट्यवधी ओळींतल्या बहुतेक कुणी गाणारही नाही, कारण त्या कानाला गोड लागत नाहीत. गोड लागणाऱ्या त्यातल्या मूठभर. प्रेमगीताला तर वाटा आणखी कमी : सूर हळूहळू वर चढणार, एका जागी थबकणार आणि समेवर अलगद उतरणार. हळुवार गाणं रचायला बसलेली दोन माणसं त्याच पायऱ्यांवर भेटली तर त्यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही.

आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. यमनमध्ये बांधलेली कुठलीही दोन भावगीतं घ्या, ‘नि रे ग’ ही उठावण दोन्हीकडे सापडेल. कुणी कुणाचं चोरलं नाही. राग सगळ्यांचा आहे. एड शीरनच्या खटल्यातही वाद मुख्यतः चार स्वरमेळांच्या (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या गटांच्या) मालिकेवर आणि ठेक्यावर होता. हे तर गाणं बांधायचं मूळ सामान आहे. त्यावर एकाची मालकी मानली तर उद्या कुणालाच गाणं बांधता येणार नाही. सेल यांनाही नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

भारतात 1957 चा स्वामित्वहक्क कायदा चालतो. फार काळ त्यात एक मोठी उणीव होती. चाल लिहिलेली किंवा छापलेली असेल तरच ती ‘सांगीतिक कृती’ मानली जाई. गुरूच्या मुखातून शिष्याकडे जाणाऱ्या संगीताच्या देशात ही अट किती अन्यायाची होती! 1994 च्या दुरुस्तीनं ती गेली. आता न लिहिलेली चालही रचनाकाराची असते, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तिला संरक्षण आहे.

नक्कल ओळखायची कसोटी सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात दिली. तो वाद एका नाटकाचा आणि एका चित्रपटाचा होता. कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. आणि दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य माणसाला ही नक्कलच आहे असं निःसंशय वाटलं तरच ती नक्कल, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्या कायद्यात सामान्य माणसाच्या कानाला जागा आहे ती इथं.

यावर कुणी म्हणेल की, आपल्याकडे चाल घेणं चोरी मानतच नव्हते. हे बऱ्याच अंशी खरं आहे. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून मूळ पदाचे शब्द छापलेले दिसतात. कीर्तनात, भजनात, लावणीत चाली मोकळेपणानं फिरल्या. पण ‘चाल :’ असं छापणं म्हणजे मूळ कुठलं ते सगळ्यांसमोर सांगणं होतं. ती परंपरा उधारीची होती आणि उधारी मान्य करण्याचीही. तिचा आधार घेऊन आज दुसऱ्याच्या चालीवर आपलं नाव टाकता येत नाही.

डागर-रहमान प्रकरणात खंडपीठानं जोर दिला तो वेगळ्याच मुद्द्यावर. एखादी रचना कुणी गायली यावरून ती त्यानंच रचली असं प्रथमदर्शनी मानता येत नाही, असं त्या निकालाचं सार. घराण्यात पिढ्यानपिढ्या फिरणाऱ्या बंदिशींबाबत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि तिथं सारखेपणा मोजून काहीच हाती लागणार नाही. आधी रचनाकार कोण हे ठरवावं लागेल.

आता पोहोचीचा अर्थच बदलतोय

1975 मध्ये अकरा पाकिटं टपालानं गेली आणि विषय संपला. आज कुणीही शिकाऊ मुलगी आपली चाल रात्री यूट्यूबवर टाकते आणि ती जगात कुठंही ऐकता येते. मग जगातल्या प्रत्येक संगीतकाराला तिची पोहोच होती असं मानायचं का? तसं मानलं तर कुणीच निर्दोष उरणार नाही. म्हणून नुसतं ‘इंटरनेटवर होतं’ एवढ्यानं भागू नये, किती लोकांनी ऐकलं, कुणी कुणाला पाठवलं, हे पाहिलं जावं, असं मला वाटतं.

याहून कठीण प्रश्न गाणी रचणाऱ्या संगणकप्रणालींचा आहे. जून 2024 मध्ये जगातल्या बड्या संगीत कंपन्यांनी सुनो आणि यूडिओ या दोन सेवांवर अमेरिकेत दावे लावले. आमची ध्वनिमुद्रणं न विचारता यंत्राला शिकवायला वापरली, हा आरोप. त्यातल्या काही कंपन्यांनी पुढे समझोते केले. अशा यंत्राबाबत पोहोच सिद्ध करणं तुलनेनं सोपं आहे, कारण ते वर्गातल्या प्रत्येक बाकावर बसून आलेलं आहे. आणि त्याच्याकडे बॅरी गिबसारखी चाचपडण्याची टेप नसते.

तुम्ही स्वतः चाल लावत असाल तर

आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही. चाल तयार झाली की हक्क आपोआप तुमचा. तरी स्वामित्वहक्क कार्यालयात नोंदणी केलेली असली तर वादाच्या वेळी तारीख दाखवता येते. चाल कुणाकडे पाठवाल तेव्हा कुणाला, कधी, कुठल्या पत्त्यावर, हे जपून ठेवा. सेल यांच्याकडे अकरा पाकिटांचा हिशोब होता, पण पाकीट उघडणाऱ्या माणसांपासून पुढे जाणारी वाट नव्हती. गास्ते यांच्याकडे ती होती.

आणि चाल बांधताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. फसलेल्या ओळी, चुकलेला सूर, मधेच आलेली शिट्टी, ‘हे नको, पुन्हा घेऊ’ म्हणणारा तुमचा आवाज, यातलं काही पुसू नका. पक्कं गाणं तर सगळेच जपतात. पण ते तुमच्याच डोक्यातून आलं का, असं उद्या कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला हीच कच्ची टेप लागेल.